न दिसलेला ठिपका

विठोबा लांजेवारचा कुणावर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगायचा. दूधवाला माप घालताना बोट आत बुडवतो, ऑटोवाला मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेतो, टीव्हीवरचा हवामानवाला वरून सांगितलेलंच वाचतो, अशी त्याची पक्की समजूत होती. जबलपूरच्या अधारताल भागातल्या त्यांच्या गल्लीत लोक त्याला ‘सीआयडी’ म्हणत. त्याची बायको इंदिरा म्हणायची, की लग्नाच्या मांडवातही हे माझ्याकडे असं पाहत होते, जशी काही कुणी नवरी बदलून आणली असावी.

आजोबा भंडाऱ्याकडून पोटापाण्यासाठी जबलपुरात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असंच विठोबाचं सगळं आयुष्य गेलं. शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात तो वीसेक वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता. तिथे पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या यायच्या. त्यांना सगळे कॉइल म्हणत. एकेक कॉइल हत्तीच्या वजनाची, आणि ती उचलून दोन कॉइलमधल्या वीतभर फटीत अलगद ठेवणं हे कामही तसंच जोखमीचं. विठोबाच्या हातून कधी पत्र्याला चरा गेला नाही. तरी तो समाधानी नव्हता. कारण मुळात त्याला ही नोकरी करायचीच नव्हती.

तो बाविशीत असताना एका सरकारी खात्यात ड्रायव्हरांची भरती निघाली होती. विठोबा आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त श्रीरंग, दोघांनी मिळून अर्ज भरले. गाडी चालवायलाही ते एकत्रच शिकले होते, श्रीरंगच्या मामाच्या मेटॅडोरवर. गाडीच्या परीक्षेत दोघंही पास झाले. मग डॉक्टरी तपासणी आली. डॉक्टरांनी विठोबासमोर एक पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर रंगीत ठिपक्यांमध्ये एक आकडा होता, तो त्याने वाचला. दुसऱ्या पानावर नुसतेच ठिपके. तिसऱ्यावरही नुसतेच ठिपके. यात काय वाचायचं, असं त्याने विचारलं, तर डॉक्टर काही न बोलता लिहीत राहिले. आठवड्याभराने यादी लागली. श्रीरंगचं नाव होतं, विठोबा वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला होता. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही.

‘तुला पानांवर काय दिसलं?’ त्याने श्रीरंगला विचारलं. श्रीरंग म्हणाला, सगळ्या पानांवर आकडेच तर होते.

विठोबाला त्या क्षणी सगळं उलगडलं. म्हणजे तेव्हा त्याला तसं वाटलं. श्रीरंगच्या बापाची वर ओळख होती, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. त्याला दाखवलेलं पुस्तक वेगळं असणार. आपल्याला मुद्दाम कोरी पानं दाखवली. तो भांडला नाही. त्याने श्रीरंगशी बोलणं सोडलं, एवढंच. पुढे श्रीरंगच्या लग्नाची पत्रिका आली, तीही त्याने न उघडता परत पाठवली. आणि त्या दिवसापासून जगात कुणी काही दाखवलं, की आधी पुस्तक तपासायचं, अशी त्याची रीतच होऊन गेली.

गेल्या वर्षी गोदामात नवी यंत्रणा आली, तेव्हा विठोबाचे कान टवकारले ते यामुळेच.

आधीचं काम असं होतं. कॉइल जागेवर ठेवली, की त्या रांगेची पाटी स्कॅन करायची, म्हणजे कोणती कॉइल कोणत्या रांगेत आहे ते कॉम्प्युटरला कळायचं. पाट्या छताखालच्या लोखंडी पट्टीला टांगलेल्या. जुना स्कॅनर हातभर अंतरावरूनच वाचायचा, म्हणून कुणाला तरी शिडीवर चढावं लागे. एकदा एक जण घसरून कंबर मोडून बसला. मग कंपनीने लांबून वाचणारे स्कॅनर आणले. पिस्तुलासारखा आकार. फोर्कलिफ्टच्या सीटवरूनच नेम धरायचा. घोडा अर्धा दाबला की पाटीवर लाल ठिपका पडतो, ठिपका बरोबर त्या पाटीवर आला की घोडा पूर्ण दाबायचा. पिक् असा आवाज आला की झालं काम.

हे शिकवायला प्रणाली मॅडम होत्या. प्रणाली पुण्याची, गोदामाची प्रमुख म्हणून नुकतीच बदलून आलेली. विठोबा मराठी आहे हे कळल्यावर ती त्याला काका म्हणू लागली. हे विठोबाला पहिल्याच दिवशी खटकलं. साहेब लोक गोड बोलायला लागले की काहीतरी काढून घ्यायचं असतं, असा त्याचा हिशोब होता.

तिने एका दूरच्या पाटीवर नेम धरला आणि म्हणाली, ‘दिसला ठिपका?’

सगळे हो म्हणाले. विठोबाही हो म्हणाला. त्याला पाटी दिसत होती, पाटीवरच्या काळ्या रेघा दिसत होत्या. ठिपका मात्र कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तो अंदाजाने नेम धरू लागला. पिक् वाजायचं, तो पुढे जायचा. अगदी जवळच्या वस्तूवर स्कॅनर रोखला तर काहीतरी धुरकट हललेलं जाणवायचं, लांब गेलं की तेही नाही. म्हणजे आपल्याला बिघडलेला स्कॅनर दिला आहे, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या फोर्कलिफ्टवर चिराग होता, तिशीतला, बोलका, इथलाच. विठोबाने एका दुपारी चहाच्या वेळी गुपचूप त्याच्याशी स्कॅनर बदलून घेतला. चिरागच्या स्कॅनरमध्येही ठिपका नव्हता. तरी चिराग तर दिवसभर ठिपक्याच्याच आधाराने काम करत होता. याचा अर्थ चिराग त्यांना सामील आहे. सगळे मिळून दिसतं दिसतं म्हणतात, म्हणजे म्हातारा एकटा पडेल, चुकेल, आणि मग त्याला घरी बसवता येईल. नवी यंत्रं आली की जुनी माणसं कमी करतात, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

तो कुणाला काही बोलला नाही. फक्त प्रत्येकाच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहू लागला.

मग एक दिवस कॉइल हरवली.

नागपूरच्या गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा, कॉम्प्युटर म्हणतो कॉइल नवव्या रांगेत, आणि नवव्या रांगेत त्या जागी रिकामी जमीन. सगळीकडे धावपळ झाली. सकाळपर्यंत ती सापडली नाही, तेव्हा तिला जागेवर ठेवणारा माणूस कोण, हे पाहिलं गेलं. विठोबा लांजेवार. शेवटी चिरागलाच ती सापडली, दहाव्या रांगेत, मागच्या कोपऱ्यात, दुसऱ्या दोन कॉइलच्या आड. विठोबाने ठेवली होती दहाव्या रांगेत आणि पाटी वाचली गेली होती शेजारच्या नवव्या रांगेची.

सापडली म्हणून प्रकरण मिटायला हवं होतं. ते आणखी चिघळलं. कारण आता लोक म्हणू लागले, की विठोबाभैयाने ती मुद्दामच तिथे दडवली. कागदावर एकीकडे, जमिनीवर दुसरीकडे, मग हळूच कुणाच्या तरी ट्रकवर चढवायची. वीस वर्षांत एक चूक नाही आणि आताच कशी? फाटकावरचा पहारेकरी जाताना त्याच्या स्कूटरची डिकी उघडून बघू लागला. आठ टनांची कॉइल डिकीत मावेल का, असं विठोबाने त्याला विचारलं नाही. त्याचं तोंडच उतरलं होतं. प्रणाली मॅडमही आता काका म्हणेना. तिने त्याला बोलावून एवढंच सांगितलं, की वरून चौकशी लागली आहे, तोवर तुम्ही आतल्या शेडमध्येच काम करा.

घरी त्याने काही सांगितलं नाही. जेवताना इंदिराने विचारलं, तर म्हणाला, ‘काही नाही. मले फसवून राहिले सगळे. पण मी पकडतो त्यांना.’

पकडायची युक्ती त्याने दोन दिवस डोक्यात घोळवली. खोटं बोलणारे एकत्र असले की त्यांचं खोटं जुळतं. वेगवेगळं विचारलं की फाटतं. एवढं साधं होतं.

रविवारी गोदामात माणसं कमी असतात. विठोबाने फोर्कलिफ्ट शेडच्या मधोमध उभी केली, स्कॅनर सीटच्या पाठीला घट्ट बांधला आणि घोडा अर्धा दाबून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. समोर लांबवर कॉइलची एक ओळ होती. स्कॅनरचं तोंड नेमकं कुठे आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, आणि तेच त्याला हवं होतं. त्याने चिरागला हाक मारली.

‘ठिपका कोणत्या कॉइलवर हाय?’ त्याने साधेपणाने विचारलं. मग चिराग गोंधळला म्हणून हिंदीत विचारलं.

चिरागने पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं, ‘चौथी पे है भैया. वो जो पट्टी बंधी है न, उसके जरा नीचे.’

विठोबाने त्याला चहा आणायला पाठवलं. मग शेड झाडणाऱ्या प्रतिमाताईंना बोलावलं. त्या बालाघाटकडच्या, मराठी बोलणाऱ्या, यंत्रणेशी काही देणंघेणं नसलेल्या. त्यांच्यापुढे त्याने लाल रंगाचं नावही घेतलं नाही. समोर काही वेगळं दिसतं का, एवढंच विचारलं. प्रतिमाताईंनी झाडू काखेत धरून नजर फिरवली.

‘त्या चौथ्या गुंडाळीवर लाल लाईट पडून राहिला ना,’ त्या म्हणाल्या. ‘पट्टीच्या खाली. काहून?’

विठोबाने त्यांना पुन्हा झाडायला लावलं. मग त्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याला आणलं, तोच जो डिकी उघडायचा. त्यानेही बोट दाखवलं. चौथी. पट्टीखाली.

तिघांचं एकमेकांशी बोलणं झालेलं नव्हतं, हे त्याने स्वतःच बघितलं होतं. सापळा त्याने चोख लावला होता आणि त्यात त्याच्याशिवाय कुणीच सापडलं नव्हतं. तो चालत चौथ्या कॉइलपर्यंत गेला. पट्टीखाली हात ठेवला. मागून प्रतिमाताई म्हणाल्या, हां, तिथेच, आता तुमच्या बोटावर आला. विठोबाने डोळे बोटाजवळ नेले. नुसतं बोट होतं. तो तिथेच कॉइलला टेकून बसला. डोळे गेले, असं त्याच्या मनात आलं. कॉइल, चोरी, चौकशी, सगळं एका बाजूला राहिलं.

सोमवारी त्याने सुटी टाकली. इंदिराला बँकेत जातो म्हणून सांगितलं आणि शहरातल्या सदर भागातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी चार प्रकारचे दिवे डोळ्यांत मारले, अक्षरं वाचून घेतली आणि डोळे उत्तम आहेत म्हणाल्या. मग त्याने ठिपक्याची गोष्ट सांगितली. बाईंनी टेबलाच्या खणातून एक पुस्तक काढलं.

विठोबाने ते लांबूनच ओळखलं. जाड पुठ्ठा, आत गोल गोल ठिपके. पहिल्या पानावर आकडा होता. दुसऱ्या पानावर काही नव्हतं.

‘ये कोरा है,’ तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, इथे आकडा आहे. विठोबाने मान हलवली. मग त्याने अशी विनंती केली, जी त्या बाईंना बहुधा कधी कुणी केली नसेल. बाहेर बसलेल्यांपैकी कुणालाही बोलवा आणि त्याच्याकडून हे पान वाचून घ्या, पण तुम्ही आधी काही बोलू नका. बाई जरा वैतागल्या, पण त्यांनी दार उघडून एका कॉलेजच्या मुलीला आत घेतलं. मुलीने पान पाहिलं आणि त्र्याहत्तर म्हणाली. विठोबाने पुस्तक स्वतःच्या हाताने पुढे उलटलं. मुलीने पुढचाही आकडा वाचला, त्याच्या पुढचाही. कोरी पानं वाचत गेली.

बाईंनी मग समजावून सांगितलं. याला रंगांधत्व म्हणतात, हा आजार नाही, जन्मापासून असतं. अशा माणसाला लाल रंग फिका, काळपट दिसतो, आणि लांबवरचा बारीक लाल उजेड तर जवळजवळ दिसतच नाही. बरंच आयुष्य निघून गेलं तरी पत्ता लागत नाही, कारण माणूस दुसऱ्या खुणांवरून काम भागवतो. सिग्नलचा वरचा दिवा पेटला की थांबायचं, हे रंग न कळताही कळतं.

विठोबा बाहेर पडला आणि फुटपाथवर बराच वेळ उभा राहिला. ते पुस्तक खरं होतं. तीस वर्षं त्याने ज्या खोट्यावर आपलं सगळं शहाणपण उभारलं होतं, ते खोटं नव्हतंच.

ऑफिसात सांगायचं की नाही, यावर त्याचा दिवस गेला. सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर चोर ठरू. शेवटी दुसऱ्या दिवशी तो प्रणाली मॅडमच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. सगळं सांगून त्याने डॉक्टरचा कागद पुढे केला आणि तिने तो दोनदा वाचला.

‘खरं सांगू काका?’ ती म्हणाली. ‘मला वाटत होतं, तुम्ही कुणासाठी तरी कॉइल बाजूला काढून ठेवताय.’

‘अन् मला वाटत होतं,’ विठोबा म्हणाला, ‘तुम्ही मला कामावरून काढाले स्कॅनर बिघडवून ठेवला.’

दोघांपैकी कुणी हसलं नाही. प्रणालीने त्या कागदाची झेरॉक्स ठेवून घेतली, पण एवढ्यावर तिने त्याला सोडलं नाही. कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवून पुन्हा तपासून घेतलं. विठोबाला त्याचा राग आला नाही. त्यानेही तेच केलं असतं. फोर्कलिफ्ट चालवू द्यायची की नाही यावर वरच्या लोकांत बरीच चर्चा झाली. त्याला शेडमध्ये चालवून पाहिलं, धोक्याचे दिवे पेटवून विझवून पाहिले. मग चौकशी बंद झाल्याची चिठ्ठी आली. तिच्यात कुठेही माफी नव्हती.

हिरवा ठिपका टाकणारा स्कॅनर मिळतो, हे प्रणालीनेच शोधून काढलं. तो यायला दिवाळी उलटली. पहिल्या दिवशी विठोबाने दहाव्या रांगेच्या पाटीवर नेम धरला, घोडा अर्धा दाबला, आणि पाटीच्या मधोमध उजेडाचा एक कण थरथरत उभा राहिला. तो त्याला नेमक्या कोणत्या रंगाचा दिसला कोण जाणे. पण दिसला. त्याने तो शेजारच्या पाटीवर नेला, छतावर नेला, चिरागच्या हेल्मेटवर नेला. चिराग म्हणाला, भैया, बच्चे मत बनो. चिरागवर त्याने किती संशय घेतला होता, हे चिरागला अजूनही ठाऊक नव्हतं, आणि विठोबाने ते सांगितलंही नाही.

एक काम उरलं होतं. ते तो पुढे ढकलत राहिला. शेवटी एका सुटीच्या सकाळी तो शहराच्या दुसऱ्या भागात, गढ्याला, श्रीरंगच्या घरी गेला.

श्रीरंग अंगणात खुर्ची टाकून बसला होता. केस सगळे पांढरे. त्याने विठोबाला ओळखलं, पण उठला नाही. विठोबा उभ्या उभ्याच बोलला. ते पुस्तक, कोरी पानं, आपल्या मनात आलेलं, आणि आता सदरच्या डॉक्टरने सांगितलेलं. तुझ्यावर उगाच संशय घेतला, म्हणाला.

श्रीरंगने आतून दुसरी खुर्ची मागवली. विठोबा बसेपर्यंत तो जमिनीकडे बघत होता.

‘तू उगाच नाही घेतला,’ तो म्हणाला. ‘बाबांनी एका दलालाले पैसे दिले होते. मला नोकरी लागल्यावर सांगितलं. तो दलाल खरा होता की नुसता पैसे खाऊन गेला, कोणास ठाऊक. मी तर आकडे वाचले होते, विठोबा. मला दिसले म्हणून वाचले. पण मला वाटे, तुला पैशाचं कळलं, म्हणून तू बोलत नाहीस. म्हणून मीही कधी आलो नाही.’

इतकी वर्षं विठोबा बरोबर होता आणि चूकही होता. पैसे दिले नसते तरी श्रीरंग पास झाला असता, आणि दिले म्हणून विठोबा नापास झाला नव्हता. मग रागवायचं कुणावर? श्रीरंगचा बाप तर केव्हाच गेला होता. श्रीरंगच्या बायकोने पोहे आणून ठेवले. दोघांनी ते खाल्ले आणि मामाच्या मेटॅडोरचं पुढे काय झालं, यावर बोलले. निघताना श्रीरंग फाटकापर्यंत आला. पुन्हा ये, असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही, पण फोन नंबर मात्र एकमेकांचे घेतले.

घरी येऊन विठोबाने इंदिराला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बँकेचं खोटंही कबूल केलं. इंदिरा भाजी निवडत होती. ती ऐकत गेली आणि तिचे हात हळूहळू थांबले.

‘म्हणजे टमाटे?’ ती म्हणाली.

‘कोणते टमाटे?’

‘लग्न झाल्यावर सुरुवातीला तुम्ही जेव्हा जेव्हा बाजारात गेले, तेव्हा हिरवेकच्च टमाटे घेऊन आले. मी समजे, तुम्ही मुद्दाम करून राहिले. म्हणजे मी पुन्हा बाजारात पाठवणार नाही. अन् मी पाठवलंही नाही. इतकी वर्षं थैल्या मीच ओढल्या.’

विठोबा म्हणाला, की मुद्दाम नव्हतं, शप्पथ. त्याने डॉक्टरचा कागद खिशातून काढून तिच्यापुढे धरला. इंदिराने कागदाकडे पाहिलं नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती, जरा जास्तच वेळ.

‘दाबून तर पाहता येत होतं ना,’ ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.